न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर

वैद्यकाची नीती परंपरेने एका प्रसंगावर उभी राहिली आहे, आणि तो प्रसंग म्हणजे दुखणाईत माणसाने वैद्याच्या दाराशी येऊन मदत मागणे. मागणाऱ्याला यथाशक्ती देणे हे वैद्याचे कर्तव्य ठरते, आणि त्याचे शास्त्र कुठे अपुरे पडले तर तो दोष त्याच्या एकट्याच्या माथी मारला जात नाही, कारण वेदनेने दोघांपुढेही दुसरा मार्ग ठेवलेला नसतो. परंतु ज्याला काहीही दुखत नाही आणि जो काही विचारायला आलेला नाही, अशा माणसाकडे वैद्यकच चालत गेले आणि त्याच्या शरीरात दडलेला आजार शोधण्याची परवानगी मागू लागले, तर या कर्तव्याचे स्वरूप काय होते, हा प्रश्न त्या मानाने नवा आहे. त्याची चाहूल मात्र जुन्या ग्रंथांतही लागते. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात, म्हणजे मृत्यूची पूर्वचिन्हे सांगणाऱ्या विभागाच्या अखेरीस, ती चिन्हे ओळखणाऱ्या वैद्यावर एक बंधन घातलेले आहे. कोणी विचारले नसेल तर समोर दिसणारे मरण त्याने बोलून दाखवू नये, आणि विचारले तरी, जेथे ते सांगणे रोग्याला किंवा त्याच्या माणसांना घातक ठरेल तेथे मौन पाळावे, असा त्या बंधनाचा आशय आहे. रुग्णाच्या हक्कांची आजची जाणीव लक्षात घेता या उपदेशाचा उत्तरार्ध स्वीकारणे कठीण आहे. पूर्वार्धात मात्र आजही टिकणारी एक समज आहे, ती अशी की ज्ञान खरे आहे एवढ्यानेच ते न विचारणाऱ्याला सांगण्याचा अधिकार प्राप्त होत नाही.

विसाव्या शतकात हाच मुद्दा आर्ची कॉक्रेन आणि वॉल्टर हॉलंड या ब्रिटिश संशोधकांनी १९७१ मध्ये अगदी वेगळ्या वाटेने येऊन मांडला. रुग्ण स्वतः आला असेल तर डॉक्टर उपलब्ध ज्ञानानुसार होईल ते करतो; परंतु डॉक्टरने आपण होऊन तपासणीला बोलावले असेल, तर त्या तपासणीमुळे आजाराची वाटचाल पुष्कळ लोकांच्या बाबतीत खरोखर बदलते याचा भक्कम पुरावा त्याच्या हाती आधी असला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. अशा तपासणीला स्क्रीनिंग म्हणतात. लक्षणे नसलेल्या लोकांची सोप्या चाचणीने चाळणी करून, ज्यांच्यात आजाराची शक्यता जास्त आहे त्यांना पुढच्या पक्क्या निदानासाठी वेगळे काढणे, हे तिचे काम असते. ती स्वतः निदान नसते, आणि हा भेद विसरला की पुष्कळ अनर्थ होतात. समजा, हजार लोकांत पाचजण आजारी आहेत, आणि चाचणी अशी आहे की ती शंभर आजाऱ्यांपैकी नव्वदांना पकडते व शंभर निरोग्यांपैकी नव्वदांना मोकळे सोडते. ही चाचणी ऐकायला चांगली वाटते, पण तिच्या जाळ्यात आजारी चार-पाचजण आणि निरोगी सुमारे शंभरजण सापडतात. या शंभरांना पुढचे काही दिवस, कधी काही महिने, जे भय सोसावे लागते ते कोणत्याही आजाराने दिलेले नसते. ते तपासणीने दिलेले असते. जेम्स विल्सन आणि गुन्नर युंगनर यांनी १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी स्क्रीनिंगचे जे दहा निकष लिहिले, त्यांत आजार महत्त्वाचा असावा, त्यावर मान्य उपचार असावेत, निदानाच्या व उपचाराच्या सोयी हाताशी असाव्यात आणि शोधाचे हे काम एकदाच करून थांबणारे नसावे, अशा अटी आहेत. त्यांतल्या बहुतेक अटी चाचणीच्या अचूकतेविषयी नसून चाचणीनंतर काय होणार याविषयी आहेत.

बेंगळुरूतील सर्जापूर रोड हा या प्रश्नाचा अभ्यास करण्यास विशेष सोयीचा भाग आहे, कारण न विचारणाऱ्याकडे जाणाऱ्या वैद्यकाची दोन रूपे तेथे एकाच रस्त्यावर नांदतात. कोरमंगलच्या बाजूला, रस्त्याच्या आरंभी, १९६३ मध्ये स्थापन झालेले सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालय आहे; पुढे दोड्डकन्नळ्ळी येथे विप्रोचे मुख्यालय व त्याच्या आसपास माहिती तंत्रज्ञान कंपन्यांचा आणि उंच गृहसंकुलांचा पट्टा आहे, ज्यात मराठी कुटुंबांचीही वस्ती आहे; आणि रस्ता संपतो तो आनेकल तालुक्यातील सर्जापूर या जुन्या गावी, ज्याच्या परिसरातील मुगळूर येथे सेंट जॉन्सचे ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्र आहे. गृहसंकुलांच्या पट्ट्यात स्क्रीनिंग हे 'फुल बॉडी चेकअप' नावाचे पॅकेज म्हणून येते. सकाळी उपाशीपोटी रक्त नेणारा तरुण फाटकाशी उभा राहतो, आणि रात्रीपर्यंत अनेक आकड्यांचा रिपोर्ट मोबाइलवर उतरतो, ज्यातले मर्यादेबाहेरचे आकडे ठळक केलेले असतात. प्राप्तिकर कायद्याच्या ८०ड कलमाखाली अशा प्रतिबंधक तपासणीवरील ५,००० रुपयांपर्यंतच्या खर्चाला सवलत मिळत आली आहे, म्हणजे शासनाचाही त्याला हातभार आहे. गावाकडच्या बाजूला तीच कल्पना आशा कार्यकर्तीच्या हातातील छापील फॉर्मच्या रूपाने येते. २०१६ मध्ये आखलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमानुसार ३० वर्षांवरील प्रत्येकाचे वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, हालचाल आणि घरातील आजारांचा इतिहास यांना गुण देऊन, ज्यांची बेरीज चारपेक्षा जास्त भरते त्यांना आधी बोलवायचे, आणि मधुमेह, उच्च रक्तदाब, तोंडाचा, स्तनाचा व गर्भाशयमुखाचा कर्करोग यांसाठी सर्वांनाच तपासायचे, अशी ती योजना आहे.

या दोन रूपांत पहिले अधिक शास्त्रीय आणि दुसरे गरिबांसाठीचे कामचलाऊ, अशी समजूत सहज होते. पुरावा नेमके उलट सांगतो. सर्वसाधारण आरोग्य तपासण्यांवरील १७ यादृच्छिक चाचण्यांचा, म्हणजे कोणाला तपासायचे आणि कोणाला नाही हे नशिबावर सोपवून केलेल्या प्रयोगांचा, कॉक्रेन संस्थेने २०१९ मध्ये आढावा घेतला. त्यांत अडीच लाखांहून अधिक लोक होते, आणि अशा तपासण्यांनी एकूण मृत्यूंत किंवा कर्करोगाच्या मृत्यूंत फारसा किंवा काहीच फरक पडत नाही, असा निष्कर्ष निघाला. दक्षिण कोरियात तर याहून गंभीर गोष्ट घडली. १९९९ पासून तेथे राष्ट्रीय कर्करोग तपासणी सुरू झाली, आणि थायरॉइड ग्रंथीची सोनोग्राफी त्या यादीत नसतानाही रुग्णालये थोड्या जादा पैशांत ती करून देऊ लागली. १९९३ च्या तुलनेत २०११ मध्ये थायरॉइड कर्करोगाच्या निदानाचे प्रमाण पंधरापट झाले, तरी त्या रोगाने होणारे मृत्यू जेथल्या तेथे राहिले. जी गाठ आयुष्यभर निरुपद्रवी पडून राहिली असती ती शोधून तिला कर्करोग म्हणणे, याला अतिनिदान म्हणतात. निदान झालेल्या बहुतेकांची ग्रंथी काढून टाकण्यात आली, आणि काहींच्या वाट्याला स्वरयंत्राच्या नसेची इजा व जन्मभराची औषधे आली.

येथे सावित्रीच्या कथेकडे पुन्हा पाहावेसे वाटते. सत्यवानाचे आयुष्य एक वर्षच उरले आहे हे नारद सांगतो, सावित्री ते ज्ञान मनात वाहते, दिवस मोजते, व्रत धरते आणि ठरलेल्या दिवशी त्याच्या मागोमाग वनात जाते. आगामी मृत्यूचे ज्ञान कृतीत उतरून मृत्यू टळल्याचा हा आपल्या परंपरेतील सर्वांत परिचित दाखला आहे. भागवतातील परीक्षिताला सात दिवसांनी येणारे मरण टाळता येत नाही, पण ते कळल्यामुळे उरलेल्या दिवसांचा अर्थ बदलतो. दोन्ही कथांत ज्ञानाचे सार्थक होते, आणि दोन्हींत ते ज्ञान एका माणसाविषयी, एका दिवसाविषयी आणि निश्चित असते. स्क्रीनिंग मात्र लोकसमूहाविषयी बोलते, आणि तेही शक्यतेच्या भाषेत. तपासणी करून वाचलेला माणूस कोण, हे वाचलेल्यालाही कळत नाही, कारण तपासणीविनाही तो कदाचित जगलाच असता. जिचा आवाज शस्त्रक्रियेत गेला तिला मात्र आपले काय गेले हे पक्के ठाऊक असते. लाभ अनामिक आणि हानी व्यक्तिगत, ही विषमता या व्यवहाराच्या मुळाशीच आहे. फळाची आसक्ती न धरता कर्म करावे ही शिकवण अशा वेळी आधार देईल असे वाटते, आणि रोज शंभर रक्तदाब मोजणाऱ्या परिचारिकेला ती खरोखर देतेही. पण आसक्ती सोडणे निराळे आणि फळ आहे की नाही याची चौकशीच सोडून देणे निराळे. हेतू शुद्ध असल्याने कर्म हितकर ठरत नाही, आणि येथे फळ डोळ्यांना दिसण्याची सोय नसल्याने मोठी, दीर्घकाळ चालणारी चाचणी हाच ते पाहण्याचा एकमेव उपाय उरतो.

असा उपाय महाराष्ट्रात झाला, आणि त्याची किंमत कोणी मोजली हे विसरता येण्यासारखे नाही. तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि ल्यों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर चाचणी केली. हा रोग स्क्रीनिंगसाठी जणू घडवलेलाच आहे, कारण ह्यूमन पॅपिलोमा विषाणू म्हणजे एचपीव्ही याच्या दीर्घ संसर्गापासून प्रत्यक्ष कर्करोगापर्यंत अनेक वर्षे जातात, आणि त्या काळात बिघडलेली जागा छोट्या उपचाराने नष्ट करता येते; उलट अंगावरून जाणे असह्य होईपर्यंत बाई दवाखान्यात येत नाही, तोवर बहुधा उशीर झालेला असतो. रंगस्वामी शंकरनारायणन, भगवान नेने, सुरेंद्र शास्त्री आदी संशोधकांनी ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचे ५२ गावसमूहांत विभाजन केले. काही समूहांत एचपीव्ही चाचणी, काहींत पेशींची सूक्ष्मदर्शक तपासणी, काहींत सौम्य ॲसेटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहण्याची पद्धत, आणि चौथ्या गटात तपासणी न करता नेहमीचीच सेवा, अशी ती रचना होती. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने पुढच्या अवस्थेतील कर्करोग आणि मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. त्या गटातील ३४,१२६ स्त्रियांत ३४ मृत्यू झाले, तर तपासणी न झालेल्या ३१,४८८ स्त्रियांत ६४. इतर दोन पद्धतींनी मृत्यूंत लक्षणीय घट झाली नाही. शिवाय त्या दोन पद्धतींत 'काही नाही' असा निरोप मिळालेल्या स्त्रियांत पुढे कर्करोग होण्याचे प्रमाण एचपीव्ही नसलेल्या स्त्रियांच्या चौपटीहून जास्त निघाले. निर्धास्त करणारा शब्दही किती तोलून द्यावा लागतो, हे यावरून दिसते.

तपासणी न झालेल्या गटाविषयी पुढे तीव्र वाद झाला. एरिक सुबा या अमेरिकी डॉक्टरांनी उस्मानाबाद, मुंबई आणि तमिळनाडूतील दिंडिगल येथील तीन चाचण्यांत मिळून अशा गटांतील २५४ स्त्रिया या रोगाने दगावल्याचे निदर्शनास आणले, आणि प्रतिबंध शक्य असल्याचे आधीच माहीत असताना हे गट ठेवणे अनैतिक होते, असा आरोप केला. भारतात तेव्हा या स्त्रियांना स्क्रीनिंग मिळतच नव्हते, म्हणून त्यांच्याकडून काही काढून घेतले गेले नाही, आणि येथे राबवता येईल असा मार्ग सिद्ध करण्याची दुसरी पद्धत नव्हती, असे संशोधकांचे उत्तर होते. मुंबईतील चाचणीत अल्प प्रशिक्षण घेतलेल्या सेविकांनी ॲसेटिक आम्लाची तपासणी दर दोन वर्षांनी करून मृत्यू ३१ टक्क्यांनी घटवल्याचे सिद्ध झाले, हे त्या उत्तराला बळ देते. तरीही उत्तर पुरे पडत नाही. एखाद्या समाजाची उपेक्षा हीच प्रयोगाची कसोटी ठरू लागली तर उपेक्षेलाच प्रतिष्ठा मिळते. आणि उलट बाजूने, उस्मानाबादच्या त्या ६४ स्त्रियांच्या मृत्यूने जे कळले ते वापरलेच नाही, तर त्यांच्यावरील अन्याय प्रयोगानंतरही चालूच राहतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या स्त्रिया देशभरात दोन टक्क्यांहूनही कमी होत्या. २०१६ च्या कार्यक्रमाने डोळ्यांनी पाहण्याचीच पद्धत निवडली, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एचपीव्ही चाचणीला प्राधान्य द्यावे अशी शिफारस केली.

देव, ऋषी आणि पितर यांचे ऋण माणूस जन्मतःच घेऊन येतो असे परंपरा मानते. न विचारणाऱ्याकडे गेलेले वैद्यक मात्र आपल्या पावलांनी ऋण पत्करते, आणि येथे धनको रुग्ण असतो. हे ऋण रिपोर्ट पाठवून फिटत नाही. बेंगळुरूत सेंट जॉन्सने ज्यात भाग घेतला त्या 'प्युअर' या बहुदेशीय अभ्यासाने २०१३ मध्ये दाखवले की उच्च रक्तदाब असलेल्यांपैकी निम्म्याहून कमी लोकांना तो असल्याचे माहीत होते, माहीत असलेल्या बहुतेकांना औषध मिळत होते, आणि औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे एकतृतीयांशांचाच रक्तदाब आटोक्यात होता. शोध आणि औषध यांच्यापुढे वर्षानुवर्षांची सोबत लागते, आणि ती देण्याची जागा प्रयोगशाळा नसून प्राथमिक आरोग्य केंद्र व कुटुंबाचा डॉक्टर ही आहे. एकाच माणसाचा रक्तदाब दहा वर्षे पाहणारा, त्याच्या घरातली चूल आणि त्याची कामाची पाळी ठाऊक असणारा डॉक्टर कोणती चाचणी करायची हे सांगू शकतो, आणि त्याहून अवघड म्हणजे कोणती करू नये हेही सांगू शकतो. पॅकेज विकणाऱ्याला हे दुसरे वाक्य उच्चारण्याचे कारणच नसते.

सर्जापूरच्या बाजूच्या एखाद्या गावात तपासणीत शंका आलेली, रोजंदारीवर जगणारी स्त्री पुढच्या तपासणीसाठी शहराकडे निघते तेव्हा तिचा दिवसाचा रोज बुडतो, सोबतीला कोणी लागते, आणि परत आल्यावर शेजारी विचारतात त्याला उत्तर द्यावे लागते. हे सारे त्या चाचणीचाच भाग आहे, आणि त्याचा खर्च, प्रवास, सोबतीची आशा कार्यकर्ती व निकाल समोर बसून समजावणारा डॉक्टर यांची तरतूद तपासणीच्या आधी झालेली असली पाहिजे. ती झालेली नसेल तोवर त्या गावात फॉर्म भरायला जाऊ नये, इतका कठोर अर्थ चरकाच्या बंधनातून आणि कॉक्रेन-हॉलंड यांच्या अटीतून निघतो. आणि उस्मानाबादनंतर ती तरतूद न करता थांबून राहण्याचीही मुभा शासनाला उरलेली नाही.