बरोबरीची जोड



पावसाळा ओसरू लागला की शाळाशाळांतून स्पर्धांची लगबग सुरू होते. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या आपल्या तिन्ही शहरांत सकाळी सकाळी गणवेश घातलेली, पाठीवर क्रमांक लावलेली मुले रिक्षांतून, टेम्पोतून मैदानाकडे जाताना दिसतात. कबड्डी, खो-खो, फुटबॉल, व्हॉलीबॉल. काही संघ संध्याकाळी ढोलताशा वाजवत परततात. पण निम्मे संघ पहिल्याच सामन्यानंतर, दहा वाजायच्या आत, गुपचूप शाळेत येऊन बसलेले असतात. शालेय स्पर्धा बहुधा बाद पद्धतीने होतात. एक सामना हरला की वर्ष संपले.

हरणे वाईट नाही. खेळात एक जिंकतो, एक हरतो, हे मुलांनी शिकलेच पाहिजे. प्रश्न निराळा आहे. तीन हजार विद्यार्थ्यांची, स्वतःचे मैदान आणि दोन-तीन क्रीडा शिक्षक असलेली शाळा, आणि भाड्याच्या इमारतीत दोन पाळ्यांत भरणारी दोनशे मुलांची शाळा, या दोघी एकाच गटात एकमेकींसमोर उभ्या केल्या जातात तेव्हा आपण त्यांना समान वागणूक देत असतो, की अन्याय करत असतो? शाळांची पटसंख्या आणि त्यांची खेळातील ताकद पाहून गट पाडावेत का? वरवर पाहता हा क्रीडा शिक्षकांच्या बैठकीतला प्रश्न आहे. पण त्याच्या मुळाशी न्याय म्हणजे काय हाच प्रश्न आहे, म्हणून आम्ही तो आज आपल्यापुढे ठेवत आहोत.

पहिले उत्तर आपल्या तोंडी लगेच येते : "नियम सगळ्यांना सारखे आहेत ना, मग अन्याय कसला?" मैदान तेच, पंच तोच, वेळ तीच. खरे आहे. पण कबड्डीत सात मुली मैदानात उतरतात. एका शाळेला त्या सात मुली पाचशेंतून निवडायच्या असतात, दुसरीला तिसांतून. शिट्टी वाजण्यापूर्वीच सामन्याचा बराचसा भाग खेळून झालेला असतो. नियम सारखे असणे ही न्यायाची पहिली पायरी आहे, शेवटची नव्हे.

आपल्या गावाकडच्या जत्रांतील कुस्त्या आठवून पाहा. फडात पंच काय करतात? ते आधी जोड बघतात. अंगापिंडाने, वयाने, तयारीने बरोबरीचे दोन पैलवान समोरासमोर आणतात आणि मगच हात मिळवायला सांगतात. सुरुवातीला लहान पोरांच्या रेवड्यांच्या कुस्त्या होतात, मोठ्या इनामाची कुस्ती शेवटी. रेवडीसाठी लढलेल्या पोराला कोणी हिणवत नाही. उलट त्याची कुस्ती चटकदार झाली तर लोक खिशात हात घालून त्याला दोन पैसे देतात. आणि विजोड कुस्ती लागली तर तेच लोक "जोड नाही, जोड नाही" म्हणून ओरडतात. ज्याला कधी शाळेचे तोंड पाहायला मिळाले नाही अशा शेतकऱ्यालाही कळत होते की सामना खरा व्हायचा असेल तर जोड बरोबरीची हवी.

जोड नसली म्हणजे काय होते याचे उदाहरण आपल्या शेजारच्या कल्याणातच घडले आहे. 4 आणि 5 जानेवारी 2016 रोजी भंडारी चषक या सोळा वर्षांखालील आंतरशालेय क्रिकेट स्पर्धेत के. सी. गांधी शाळेच्या प्रणव धनावडे याने नाबाद 1009 धावा केल्या. 1899 साली इंग्लंडमधील एका शाळेत ए. ई. जे. कॉलिन्स याने केलेल्या नाबाद 628 धावांचा विक्रम त्याने मोडला. एका रिक्षाचालकाच्या मुलाचे नाव जगभर झाले आणि आपल्या सर्वांना त्याचा अभिमान वाटला. तो वाटायलाच हवा. समोर आलेला प्रत्येक चेंडू त्याने मन लावून खेळला, यात त्याचा दोष काहीच नाही.

पण त्याच धावफलकाची दुसरी बाजू आपण क्वचितच वाचतो. समोरच्या आर्य गुरुकुल शाळेचा संघ पहिल्या डावात 31 आणि दुसऱ्या डावात 52 धावांत बाद झाला. के. सी. गांधी शाळेने 3 बाद 1465 धावांवर डाव सोडला होता. पराभव एक डाव आणि 1382 धावांनी. नेहमीचे मोठे खेळाडू परीक्षेमुळे नसल्याने लहान मुले मैदानात उतरवावी लागली, असे तेव्हा वृत्तपत्रांत आले होते. ती मुले सीमारेषेकडे जाणाऱ्या चेंडूंमागे किती धावली असतील! विक्रमवीराचे नाव आपल्याला पाठ आहे. त्या अकरा मुलांपैकी एकाचेही नाव आपल्याला माहीत नाही. त्या दोन दिवसांत ती मुले खेळ शिकली, की खेळ आपल्यासाठी नाही हे शिकली?

आमचे म्हणणे असे की मुलाला जिंकण्याचा हक्क नाही, पण खऱ्या सामन्याचा हक्क आहे. त्यात खरे हरणेही आले. "आणखी थोडा सराव केला असता तर" असे ज्या पराभवानंतर म्हणता येते तो पराभव मुलाला मोठा करतो. ज्यात काहीही केले असते तरी फरक पडला नसता, तो पराभव नुसता चिरडतो. आणि अशा सामन्यात जिंकणाऱ्याचेही नुकसानच होते. स्वतःची खरी ताकद त्याला कळत नाही. पुढे विभागीय स्पर्धेत तोडीस तोड संघ समोर आला की त्याचे पाय लटपटतात, कारण अटीतटीची वेळ त्याने कधी पाहिलेलीच नसते.

यावर काही जण म्हणतात, मुलांत असे गट पाडूच नयेत, सगळ्यांना एकत्र खेळू द्यावे. पण गट तर आजही आहेतच. शालेय स्पर्धांत 14, 17 आणि 19 वर्षांखालील असे वयोगट आहेत. मुलगे आणि मुली वेगळे खेळतात. कुस्तीत वजनगट आहेत. इतकेच नव्हे, तर शहरांच्या सीमांचेही गट आहेत. उल्हासनगर ही महानगरपालिका असल्याने तिथल्या शाळांची जिल्हास्तरीय स्पर्धा वेगळी होते. अंबरनाथ आणि बदलापूर या नगरपरिषदा. तिथल्या शाळांना आधी तालुका जिंकायचा आणि मग ठाणे ग्रामीणमध्ये मुरबाड, शहापूरच्या शाळांशी खेळायचे. रस्त्याच्या या बाजूची शाळा एका वाटेने जाते आणि त्या बाजूची दुसऱ्या वाटेने. ही रेघ मुलांच्या ताकदीकडे पाहून कोणी ओढलेली नाही. ती नगररचनेच्या नकाशावरून आली. 1983 साली कल्याण महानगरपालिका झाली तेव्हा अंबरनाथ, बदलापूर तिच्यात होते, 1992 साली बाहेर पडले. तशी मुलांच्या स्पर्धेची वाटही बदलते. तेव्हा रेघ ओढावी की नाही हा प्रश्नच नाही. रेघ आहेच. ती कोणाच्या भल्यासाठी ओढावी एवढाच प्रश्न आहे.

आणि शहरेही पूर्वीसारखी राहिलेली नाहीत. 2001 च्या जनगणनेत बदलापूरची वस्ती लाखाच्या आत होती, 2011 मध्ये ती पावणेदोन लाखांच्या जवळ गेली. अंबरनाथ अडीच लाखांचे झाले, उल्हासनगर पाच लाखांच्या वर. इमारती उभ्या राहिल्या तशा शाळाही उभ्या राहिल्या, पण मैदाने वाढली नाहीत. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळेला खेळाचे मैदान असावे असे लिहिलेले आहे. तरी दाट वस्तीतल्या कितीतरी शाळांची मुले गच्चीवर किंवा गल्लीत सराव करतात. ही मुले कमी गुणी आहेत म्हणून हरत नाहीत.

यात नुसत्या मानाचाही प्रश्न नाही. स्पर्धेतील यशावर दहावी-बारावीला सवलतीचे क्रीडागुण मिळतात. 2005 पासून राज्यात खेळाडूंसाठी सरकारी नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण आहे. त्या वाटेचा पहिला दरवाजा हीच शालेय स्पर्धा. तो दरवाजा पहिल्या वीस मिनिटांत बंद झाला तर गरीब घरच्या गुणी मुलीकडे दुसरा दरवाजा नसतो.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. अमेरिकेतील इंडियाना राज्यात 1911 पासून शाळांची बास्केटबॉल स्पर्धा एकच होती. लहानमोठ्या सगळ्या शाळा एकत्र खेळत. 1954 साली मायलन नावाच्या गावातल्या अवघ्या 161 विद्यार्थ्यांच्या शाळेने अंतिम सामन्यात मन्सी सेंट्रल या मोठ्या शाळेला 32-30 असे हरवले. तिथले लोक अजूनही ती गोष्ट सांगतात, तिच्यावरून चित्रपटही निघाला. 1997 नंतर तिथे पटसंख्येवरून चार गट झाले, तेव्हा अनेकांना हळहळ वाटली : आता पुन्हा मायलन कसे घडणार? ही हळहळ खोटी नाही. लहानाने मोठ्याला हरवण्याची आशा आपण काढून घेतली तर खेळातला प्राणच जातो. पण एका मायलनची गोष्ट सांगताना, पहिल्याच फेरीत घरी गेलेल्या लहान शाळांची गोष्ट कोण सांगणार?

दुसरा आक्षेप अधिक जिव्हारी लागणारा आहे. गट पाडले की शिक्का बसतो. शाळेत तुकड्या पाडल्यावर शेवटच्या तुकडीतल्या मुलांना आपण काय म्हणतो ते आपल्याला ठाऊक आहे. "क गटातली शाळा" असे मुलांना ऐकावे लागले तर? ही भीती रास्त आहे. म्हणूनच गट हा शाळेच्या त्या वर्षीच्या, त्या खेळातल्या तयारीचा असावा, मुलांच्या लायकीचा नव्हे. आणि तो दरवर्षी पुन्हा पाहिला जावा. मुंबईत शालेय फुटबॉलमध्ये पहिला, दुसरा, तिसरा असे विभाग आहेत. त्या मुलांना कोणी दुय्यम मानत नाही. आपापल्या विभागात ती चुरशीने खेळतात.

नुसत्या पटसंख्येवर जाणेही चुकीचे ठरेल. खो-खोला चुन्याच्या रेघा, दोन खांब आणि एक तळमळीचे गुरुजी एवढेच लागते. ते असले की लहान शाळाही शहरातल्या भल्याभल्या शाळांना घाम फोडते. उलट मोठी शाळा एखाद्या खेळात अगदी नवखी असू शकते. म्हणून पटसंख्या आणि मागील दोन-तीन वर्षांची कामगिरी, दोन्ही पाहिले पाहिजे, आणि तेही प्रत्येक खेळासाठी वेगळे. काही शाळा मुद्दाम कमकुवत असल्याचे दाखवून खालच्या गटात शिरतील, असेही कोणी म्हणेल. त्यावर उपाय सोपा आहे. वरच्या गटात खेळण्याची मागणी कोणीही करावी, खालच्या गटाची मागणी कोणालाही करता येऊ नये. फडातही हाच रिवाज आहे : आपल्याहून थोराड पैलवानाला आव्हान देणाऱ्याला शाबासकी मिळते, किरकोळ पोराशी हात मिळवणाऱ्याला मिळत नाही.

हे सगळे सरकारी आदेशाची वाट न पाहता सुरू करता येईल. जिल्ह्याची अधिकृत स्पर्धा आहे तशी खुली राहू द्या. मायलनची आशा तिथे जिवंत राहील. पण तिच्या आधी, जुलै-ऑगस्टमध्ये, आपल्या तिन्ही शहरांतील क्रीडा शिक्षकांनी एकत्र बसून बरोबरीच्या शाळांचे गट करावेत आणि साखळी सामने घ्यावेत. प्रत्येक संघाला निदान तीन सामने मिळावेत. एक हरला तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानात यायचे आहे, हे मुलांना माहीत असावे. ज्यांच्याकडे मैदान आहे त्यांनी ते रविवारी दुपारी मोकळे करावे.

इथे आपल्या संस्थांच्या शाळांचाही विचार करणे भाग आहे, कारण त्यांपैकी कित्येक मोठ्या आहेत, त्यांच्याकडे मैदान आहे आणि कपाटात चषकांची रांग आहे. गट पडले तर सोपे विजय आपल्या वाट्याला कमी येतील. ते आपल्याला चालेल का? पाच आणि दोन थैल्यांच्या दाखल्यात धनी दोन्ही चाकरांची सारखीच वाहवा करतो. कोणाला किती मिळाले होते हे लक्षात ठेवून तो हिशेब घेतो. ज्याला जास्त मिळाले त्याने कमी मिळालेल्याला सहज हरवून फुशारकी मारावी, असे त्या दाखल्यात कुठेही नाही.

वाचकहो, आपले मूल या वर्षी एखाद्या संघात असेल. ते घरी आल्यावर आपण पहिला प्रश्न विचारतो, "जिंकलात का?" त्याऐवजी एकदा विचारून पाहू या, "समोरचा संघ कसा होता? सामना रंगला का?" मूल म्हणाले की "अगदी सोपे होते, त्यांना खेळताच येत नव्हते", तर त्याच्या हातात चषक असला तरी, त्या दुसऱ्या मुलांना एक बरा सामना कसा मिळेल याची चिंता आपणच करायला हवी.