पळून जाणाऱ्या लेंकरामागें किती धांवावें?

लहान मुलांच्या पुस्तकांतून थोरांसहि बोध घेतां येतो. अमेरिकेंत सन 1942 सालीं मार्गारेट वाइज ब्राउन ह्या लेखिकेनें पळपुट्या सशाच्या पिल्लाची एक गोष्ट प्रसिद्ध केली. तिचीं चित्रें क्लेमेंट हर्ड ह्यांनीं काढिलीं. ऐंशी वर्षें उलटून गेलीं, तरी आजहि आईबाप मुलांस जवळ घेऊन ती वाचून दाखवितात.

गोष्ट साधी आहे. पिल्लूं आईस सांगतें कीं, आपण पळून जाणार. आई त्यास रागें भरत नाहीं. आपणहि मागोमाग येऊं, एवढेंच सांगते. मग दोघांची जणूं पैजच लागते. तें ओढ्यांतील मासा होऊं म्हणतें, तर ती कोळी होऊं म्हणते. तें डोंगरावरील खडक, तर ती डोंगर चढणारी. तें आडबागेंतील फूल, तर ती माळी. तें पाखरूं, तर ती झाड. तें शिडाची होडी, तर ती वारा. तें सर्कशींतील झोक्यावर, तर ती तारेवरून चालणारी. शेवटीं तें मनुष्याचें मूल होऊन घरांत शिरूं म्हणतें, तेव्हां ती त्या मुलाची आई होऊं म्हणते. पिल्लूं हरतें, आहे तेथेंच राहतें, आणि आई त्यास एक गाजर देते.

ह्या गोष्टीनें पुष्कळांस धीर आला आहे. मार्गारेट एडसन ह्यांच्या ‘विट’ नामक नाटकास 1999 सालीं पुलित्झर पारितोषिक मिळालें. त्यांत मरणाच्या दारीं असलेल्या एका विदुषीस तिची वृद्ध गुरु हीच गोष्ट वाचून दाखविते, आणि आत्मा कोठेंहि लपला तरी देव त्यास शोधून काढितो, असा तिचा अर्थ लाविते.

परंतु दुसऱ्या कांहीं वाचकांस हीच गोष्ट जाचक वाटते. ज्यास कोठेंहि गेलें तरी सुटका नाहीं, तें लेंकरूं मोकळें कसें? ही शंका हंसण्यावारी नेण्याजोगी नाहीं. आपल्या मंडळ्यांतहि असे आईबाप आहेत कीं, ज्यांचा मुलगा शहरांत गेला तो पत्र ना निरोप. ज्यांची मुलगी प्रार्थनामंदिराची पायरी चढेनाशी झाली. त्यांनीं मागें धांवावें, कीं स्वस्थ बसावें?

लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायांत प्रभूनें तीन दृष्टांत सांगितले आहेत. मेंढपाळ हरवलेल्या मेंढरामागें रानांत जातो. बाई दिवा लावून नाणें हुडकिते. परंतु पिता दूर देशीं गेलेल्या पुत्रामागें जात नाहीं. त्याची प्रीति उणी होती काय? मुळींच नाहीं. मेंढरास वाट समजत नाहीं, नाण्यास तर जीवच नाहीं. पुत्र मात्र आपल्या इच्छेनें गेला होता, आणि त्यास आपल्या इच्छेनेंच परत यावयाचें होतें. तरी पिता वाट विसरला नव्हता. पुत्र दूर असतांनाच त्यानें त्यास पाहिलें, आणि मग मात्र तो धांवत गेला. तेव्हां पहिला नियम हा कीं, ज्यास परत येतांच येत नाहीं, त्याच्याकडे आपण जावें. जो येऊं शकतो पण येत नाहीं, त्याच्यासाठीं दार उघडें ठेवावें.

आतां पुनः त्या गोष्टीकडे पाहूं. आईच्या सर्व रूपांत दोन रूपें परस्परांपासून फार भिन्न आहेत. झाड पाखरामागें उडत नाहीं. तें आपल्या जागीं उभें राहतें, म्हणून पाखरास संध्याकाळीं घर असतें. वारा मात्र होडीस आपल्या मनास येईल तिकडे नेतो. पवित्र शास्त्रांतहि असा वारा आहे. योना तार्शीशाकडे पळाला, तेव्हां परमेश्वरानें समुद्रावर प्रचंड वारा सोडिला. परंतु तो सोडणारा परमेश्वर होता. होडी कोणत्या कांठास लागावी हें तो जाणतो. आईबापांस तें ज्ञान नाहीं. जीं आईबापें वारा होऊं पाहतात, तीं पुष्कळदां मुलाचें हित साधण्याच्या नांवाखालीं आपलाच हट्ट चालवितात. आणि पाहा, परमेश्वरानें योनास निनवेस नेलें, तरी त्याच्या अंतःकरणावर बळजबरी केली नाहीं. योनाचें पुस्तक देवाच्या एका प्रश्नानें संपतें. उत्तर योनावर सोडिलें आहे. प्रभु येशूनेंहि यरुशलेमेस पंखांखालीं घेऊं इच्छिणाऱ्या कोंबडीची उपमा स्वतःस लाविली. पण तीं पिल्लें आलीं नाहींत, आणि त्यानें त्यांस ओढून आणिलें नाहीं.

आणखी एक गोष्ट लक्षांत घ्यावी. प्रत्येक वेळीं आईच आपलें रूप सोडावयास सिद्ध होते. आपण मात्र मुलांनींच आमच्यासारखें व्हावें, आमची भाषा बोलावी, असा आग्रह धरितों. देवानें तसें केलें नाहीं. आम्हांस गांठण्यासाठीं त्याचा पुत्र दासाचें रूप घेऊन आमच्या घरांत आला. ज्यास मुलाच्या मागें जावयाचें असेल, त्यानें प्रथम मुलाचें दुःख समजून घेण्याचे श्रम करावे.

एकशें एकोणचाळिसाव्या स्तोत्राच्या आरंभीं, देवापासून कोठें पळावें, असें दावीद विचारितो. आकाशांत, अधोलोकांत, समुद्रापलीकडे, सर्वत्र देव आहेच. परंतु शेवटीं तोच दावीद, देवा, मला पारखून पाहा, अशी विनंति करितो. जें सांपडणें प्रथम धास्तीचें वाटलें, तेंच पुढें त्याच्या प्रार्थनेचा विषय झालें. खऱ्या प्रीतीची हीच पारख होय: तिनें गांठलेला मनुष्य अखेरीस कैदी होत नाहीं, तर आपण होऊन जवळ येतो.

म्हणून, मातांनो, पित्यांनो, मूल आजारी, कर्जांत किंवा दुष्टांच्या हातीं सांपडलें असेल, तर आजच उठून जा. तें रुसून किंवा आपल्या मतानें गेलें असेल, तर झाड व्हा: पत्र लिहा, त्याचें नांव प्रार्थनेंत घ्या, आणि आल्यावर हिशेब मागूं नका. ज्यांचें लेंकरूं अजून आलें नाहीं, त्यांनीं आपली प्रीति व्यर्थ गेली असें मानूं नये. आणि ज्यांस आईची माया लाभलीच नाहीं, त्यांनीं यशयाचा एकोणपन्नासावा अध्याय उघडून वाचावा: आई विसरली तरी न विसरणारा एक आहे. जेथें आपला हात पोहोंचत नाहीं, तेथें वारा त्याच्या आज्ञेंत आहे.