भागीचं विमान

इंग्लंडच्या मध्य भागातल्या एका लहान विमानतळावर आठ जणांनी मिळून एक विमान घेतलं. पायपर कंपनीचं ट्विन कमांची. दोन इंजिनं, चार आसनं, उडाल्यावर आत ओढली जाणारी चाकं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या लॉक हेवन गावी ही विमानं 1963 पासून बनत होती. 1972 च्या जूनमध्ये अ‍ॅग्नेस वादळाचा पाऊस कोसळला, सस्क्वेहॅना नदीचं पाणी कारखान्यात शिरलं आणि कमांचीचं उत्पादन कायमचं थांबलं. आज उडणारं प्रत्येक ट्विन कमांची त्यामुळे पन्नाशी ओलांडलेलं आहे. तरीही जाणती माणसं ते शोधत असतात. 160 अश्वशक्तीची दोन इंजिनं मिळून तासाला साधारण 65 लिटर पेट्रोल पितात आणि तेवढ्यात पावणेतीनशे ते तीनशे किलोमीटर अंतर कापतात. पूर्ण भरलेल्या विमानाचं वजन 1,633 किलो. दोन टनांखालच्या विमानाला युरोपात मार्गशुल्क पडत नाही, हाही मोठाच फायदा.

आठ जणांत एक निवृत्त इंजिनियर होते, एक वकील, शेती करणारे दोघे भाऊ, एक दंतवैद्य, एक बांधकाम कंत्राटदार, एअरलाइनमधून निवृत्त झालेले एक वैमानिक आणि आठवे आपल्या सांगलीकडचे डॉक्टर, तिकडच्या सरकारी रुग्णालयात वीस-बावीस वर्षं काढलेले. विमान 80,000 पौंडांना पडलं, म्हणजे प्रत्येकी 10,000.

दोन इंजिनं कशाला, असं घरच्यांनी आठही जणांना विचारलं असणार. उत्तर समुद्रात आहे. इंग्लंडमधून जर्सीला जा, आयर्लंडला जा, फ्रान्सला जा, खाली गार पाणी असतंच. हिवाळ्यात त्या पाण्यावर एका इंजिनाच्या भरवशावर जायला अनुभवी माणूसही कचरतो. पण दुसरं इंजिन असलं म्हणजे सगळं झालं असंही नाही. दोनांतलं एक बंद पडलं की निम्मी शक्ती जाते, वर चढण्याची क्षमता मात्र ऐंशी टक्क्यांच्या आसपास घटते. शिवाय चालू इंजिन विमानाला एका बाजूला रेटत असतं, आणि वेग ठरावीक मर्यादेखाली गेला तर ते आवरत नाही. म्हणून एका इंजिनाच्या विमानाचा परवाना दोन वर्षं चालतो, दोन इंजिनांचा मात्र दर वर्षी परीक्षकाला शेजारी बसवून, एक इंजिन मंद करून, पुन्हा कमवावा लागतो. त्याची फी ज्याची त्यानं भरायची.

पहिल्या बैठकीत डॉक्टरांकडे खजिनदारी आली. त्यांनी दोन कागद मांडले. पहिल्यावर मासिक वर्गणी होती: हँगरचं भाडं, विमा, वार्षिक तपासणी, दर सहा वर्षांनी पंख्यांचं काम, चाकांच्या यंत्रणेतल्या रबरी दोऱ्या दर तीन वर्षांनी बदलणं. त्यावर कुणी फारसं बोललं नाही.

दुसऱ्या कागदावर फक्त इंजिनं होती.

"ही इंजिनं 2,000 तासांनी किंवा 12 वर्षांनी, जे आधी येईल तेव्हा, पूर्ण उघडावीत असं कंपनी सांगते," डॉक्टर म्हणाले. "आपण वर्षाला 90 तास उडणार. 2,000 तास आपल्या हयातीत होणार नाहीत. आधी येणार आहेत ती वर्षं. ही इंजिनं मागच्या वेळी उघडली त्याला तीन वर्षं झाली, नऊ उरली. दोन्हींचा खर्च सत्तर हजारांच्या घरात. प्रत्येकानं दरमहा 80 पौंड वेगळ्या खात्यात टाकले तर नऊ वर्षांत ते होतात."

"मी महिनाभर विमानाला हातही लावला नाही, तरी?" दंतवैद्यांनी विचारलं.

"तरी. तुम्ही हात लावला नाही म्हणून इंजिनाचं वय थांबत नाही."

निवृत्त इंजिनियरांनी पुस्ती जोडली. या इंजिनात कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा दांडा, वरच्या अंगाला असतो. विमान आठवडेच्या आठवडे उभं राहिलं की तेल खाली निथळतं, ओल्या हवेत कॅम कोरडा पडतो आणि गंज धरतो. उडणाऱ्या इंजिनापेक्षा उभं इंजिन लवकर खराब होतं, असं त्यांनी आपल्या आयुष्यात पुष्कळदा पाहिलं होतं.

वकिलांचं म्हणणं अगदी उलट होतं, आणि ते ऐकायला फार बरं वाटणारं होतं. दर कमी ठेवू या, म्हणजे सगळे जास्त उडतील, विमान हलतं राहील. खाजगी विमानाला 12 वर्षांची अट सक्तीची नाही, इंजिन ठीक चाललं तर पुढेही चालवता येतं. पेट्रोलचे तासाला 130 पौंड घ्या, इंजिनासाठी त्यावर 10 ठेवा, 140 पुरे. पुढचं पुढे पाहू.

डॉक्टरांना गावाकडची विहीर आठवली. त्यांच्या आजोबांची चार भावांत सामाईक होती. वार वाटून घेतलेले. आपल्या पाळीला मोटर सुरू करायला कुणी कधी घटकाभर उशीर केला नाही. गाळ काढायचं वर्ष आलं की मात्र एकाच्या घरी लग्न निघायचं आणि दुसरा म्हणायचा, माझं रान यंदा पडीकच आहे. सातबाऱ्यावर विहीर चौघांची राहिली, तिच्यात पाणी राहिलं नाही. त्यांनी हे बैठकीत सांगितलं. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि 140 च्या बाजूनं सहा हात वर झाले.

पुढची वर्षं आनंदाची गेली, हे मान्य केलंच पाहिजे. सगळ्यांत जास्त उडाले वकील. ला रोशेलला जेवायला, जर्सीला स्वस्त पेट्रोल भरायला, उन्हाळ्यातला एखादा रविवार त्यांनी सोडला असेल नसेल. सातव्या वर्षी त्यांनी आपला वाटा एका शाळामास्तरांना विकला, पूर्ण 10,000 ला. खातं पारदर्शक होतं. मास्तरांनी लॉगबुकं पाहिली, तास कमी झालेत हे पाहून त्यांना समाधान वाटलं. इंजिनाच्या खात्यात किती आहे, हे त्यांनी विचारलं नाही. कुणी आपणहून सांगितलंही नाही. इथे डॉक्टरांचंही चुकलं असं मला वाटतं.

दोन वर्षांनी मास्तर आजारी पडले आणि गेले. जेमतेम वीस तास उडाले असतील.

त्याच हिवाळ्यात तेल बदलताना मेकॅनिकनं नेहमीप्रमाणे उजव्या इंजिनाचा फिल्टर कापून उघडला. आतला घडीचा कागद सोडवून टेबलावर पसरला, उजेडाखाली धरला. घड्यांच्या खाचांत बारीक कीस चमकत होता. त्यानं कागद द्रावणात खळबळून घेतला, तळाशी बसलेल्या गाळावरून चुंबक फिरवलं आणि चुंबक बाहेर काढलं तेव्हा त्याच्या टोकाला पोलादाची मिशी उगवल्यासारखी दिसत होती. कॅम सोलला जात होता. इंजिन उतरवल्यावाचून इलाज नव्हता. एका इंजिनाचं पूर्ण काम आणि सोबतची निघालेली दुरुस्ती मिळून आकडा आला 40,000 पौंड. खात्यात होते 8,100. वर्षाला 90 तास, तासाला 10 पौंड, नऊ वर्षं. हिशेब बरोबर होता.

करारात लिहिलं होतं की तूट आली तर वाटेकऱ्यांनी सारखी भरावी. म्हणजे ज्या बाई त्या विमानात कधी वैमानिकाच्या जागेवर बसल्या नव्हत्या, त्या मास्तरांच्या पत्नीला वारसा म्हणून सुमारे 4,000 पौंडांचं बिल जाणार होतं. आणि ज्यांनी सात वर्षं जवळजवळ निम्मे तास उडवले ते वकील कायद्यानं एका पैचंही देणं लागत नव्हते. दर स्वस्त ठेवला त्या दिवशी वाचलेले पैसे कुठे गेले होते, ते त्या बैठकीत प्रत्येकाला दिसलं.

दंतवैद्यांनी वाटा सोडून दिला. पैसे भरण्यापेक्षा 10,000 वर पाणी सोडणं त्यांना परवडलं.

बराच वेळ कुणी बोलेना. मग शेतकरी भावांतला थोरला म्हणाला, "त्या दिवशी माझा हात वर होता. बाईंना बिल पाठवायचं नाही."

"मग सहाच जण उरतो," डॉक्टर म्हणाले. "बत्तीस हजारांना सहांनी भागा. 5,300 च्या वर जातं."

"जाऊ दे."

निवृत्त वैमानिकांना ती रक्कम जड होती. त्यांनी ती वर्षभरात फेडली, एकही हप्ता चुकवला नाही. बाईंचा वाटा गटानं परत घेतला आणि विमान विकायला काढलं असतं तर आली असती तेवढी किंमत त्यांना दिली. ती फार नव्हती. उघड्या इंजिनाच्या विमानाला कोण किती देणार?

नियम बदलले. इंजिनाचं खातं वेगळं झालं, त्यावर दोघांच्या सह्या. उडा न उडा, दरमहा दरडोई 125 पौंड. गट सोडणाऱ्याला त्या खात्यातलं काही परत मिळत नाही, कारण त्यानं झिजवलेलं इंजिन तो सोबत नेत नाही. वाटा घ्यायला येणाऱ्याला विमान दाखवण्याआधी ते खातं दाखवायचं, आणि त्यानं विचारलं नाही तरी दाखवायचं. सलग दोन आठवडे विमान हललं नाही तर ज्याची पाळी त्यानं येऊन ते अर्धा तास उडवायचं. जमिनीवर नुसतं सुरू करून भागत नाही, तेल नीट तापावं लागतं. डाव्या इंजिनाचा फिल्टर दर 25 तासांनी कापून पाहायचा.

दोन नवे वाटेकरी मिळाले. त्यांतली एक परिचारिका आहे. पैसे भरण्याआधी तिनं तासभर प्रश्न विचारले.

तीन वर्षांनी डावं इंजिन उतरवलं. आठ जणांचे तीन वर्षांचे मिळून 36,000 पौंड जमले होते, आणि तेवढ्यात काम झालं. कुणाकडेही जादा पैसे मागावे लागले नाहीत.