आश्रयाची किंमत
भोपाळात इतिहास शिकवताना मराठी मुलांपुढे मी एक अवघड प्रश्न ठेवतो. १८१२-१३ मध्ये या शहराला वेढा घालणाऱ्या फौजा शिंद्यांच्या आणि नागपूरकर भोसल्यांच्या, म्हणजे आपल्याच होत्या. वजीर मुहम्मदाने शहर राखले. पुढे १८१८ मध्ये नवाब नजर मुहम्मदाने इंग्रजांशी तह केला. मोबदल्यात ६०० स्वार, ४०० पायदळ द्यायचे ठरले आणि परराज्यांशी परस्पर बोलण्याचा हक्कही गेला. ही फितुरी काय?

मला तसे वाटत नाही. बलाढ्य शेजारी वेशीवर उभा असता दुबळा दूरचा आधार शोधणारच. रशिया, अमेरिका व ब्रिटन यांच्या आश्वासनावर युक्रेनने १९९४ मध्ये अण्वस्त्रे सोडण्याचे मान्य केले. त्याच रशियाने २०२२ मध्ये त्याच्यावर चढाई केली. आश्रय महाग पडतोच. पण ‘तो परक्याकडे का गेला?’ असे विचारण्याआधी त्याला तिकडे कोणी लोटले, हे बलवंताने स्वतःला विचारावे.