बिघडवायची मुभा कोणाला?

डिझाइन किंवा कला शिकायला गेलेल्या मुलांचं पहिलं वर्ष बाहेरून बघणाऱ्याला गमतीचं वाटतं. बारावीपर्यंत अभ्यास, मग प्रवेश परीक्षा, मग घसघशीत फी, आणि एवढं करून पोरगं करतंय काय? पुठ्ठा कापतंय. तारा वाकवतंय. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत करड्या छटांच्या पट्ट्या रंगवतंय. मातीचा आकार करतंय आणि संध्याकाळी तोच मोडून पुन्हा गोळा करतंय. आमच्या भंडाऱ्याकडचे बाबा फोनवर एवढंच म्हणतील, "हे तं बालवाडीतबी शिकवत होते न!"

या वर्षाला 'फाउंडेशन' म्हणतात. महाराष्ट्रातल्या कला महाविद्यालयांत ते आहे, अहमदाबादच्या एनआयडीतही आहे. वर्षभर हातानं वस्तू करायच्या, आणि त्यातल्या पुष्कळशा शेवटी रद्दीतच जाणार हे सगळ्यांना माहीत असतं.

मी सॉफ्टवेअरवाला, इंजिनिअरिंग करून आलेला. पण हा प्रश्न मला माझ्याही धंद्याचा वाटतो. या वर्षात नेमकं मिळतं काय? कौशल्य म्हणावं, तर एका वर्षात कोणी सुतार होत नाही की कुंभार होत नाही. माझं उत्तर असं आहे की या वर्षात एकच खरी मौल्यवान गोष्ट मिळते : वस्तू बिघडवायची मुभा. कागद वाया गेला तरी चालेल, दिवस वाया गेला तरी चालेल, कोणी पैसे कापणार नाही. आणि उत्तर हे असेल, तर पुढचा प्रश्न अभ्यासक्रमाचा राहत नाही, न्यायाचा होतो. ही मुभा कोणाला मिळते, आणि तिचं बिल कोण भरतं?

एक वर्तमानपत्र आणि काही तास

फाउंडेशनची आजची कल्पना बऱ्याच अंशी जर्मनीतल्या बाउहाउसमधून आली. ही शाळा १९१९ साली वायमार गावात सुरू झाली. आधी काही महिने नुसत्या साहित्याशी झटापट, मग पुढचं शिक्षण, हा पायंडा तिथे योहानेस इटेननं पाडला. पुढे जोसेफ आल्बर्स हा वर्ग घ्यायचा. त्याच्या एका विद्यार्थ्यानं सांगितलेली आठवण प्रसिद्ध आहे. आल्बर्सनं वर्गात वर्तमानपत्रं वाटली आणि सांगितलं, यातून काहीतरी करा, पण कागदाचा मान राखून. मग तो निघून गेला. काही तासांनी परत येऊन बघतो, तर कोणी किल्ला केलेला, कोणी विमान, कोणी प्राणी. त्यानं ते सगळं बाजूला सारलं. त्याला आवडलं ते एका मुलाचं काम. त्या मुलानं कागदाला फक्त लांबीत घडी घालून तो उभा केला होता. एरवी आडवा पडून राहणारा लुळा कागद स्वतःच्या पायावर उभा होता.

ही गोष्ट सहसा त्या हुशार मुलासाठी सांगतात. मला बाकीची मुलं महत्त्वाची वाटतात. त्यांचे किल्ले आणि विमानं फुकट गेली, पण त्यांचं काहीच बुडालं नाही. घडीचा अर्थ त्यांना कळला, कारण नुकताच त्यांनी स्वतःच्या हातानं तोच कागद चुकीच्या पद्धतीनं वापरला होता. त्या वर्गाचा सगळा खर्च म्हणजे थोडी रद्दी आणि काही तास.

वर्ध्याचं उत्तर

याच्या अगदी उलट विचार आपल्या विदर्भात मांडला गेला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. तिथे गांधीजींनी नई तालीमची कल्पना मांडली. सगळं शिक्षण एखाद्या हस्तोद्योगातून द्यायचं. तिला 'बुनियादी' शिक्षण असंही म्हणतात, म्हणजे शब्दशः फाउंडेशनच. फरक असा, की मुलांनी केलेली वस्तू उपयोगाची, विकता येण्याजोगी असली पाहिजे आणि तिच्यातून निदान शिक्षकाचा पगार निघाला पाहिजे, असा गांधीजींचा आग्रह होता.

यामागचा मुद्दा हलका नाही. उपयोग नसलेली वस्तू करत बसणं ही खात्यापित्या घरच्या पोरांची चैन आहे, गरीब देशाला ती परवडायची नाही. आजही कोणी करड्या पट्ट्यांवर हसतो, तेव्हा त्याच्या हसण्यामागे हाच मुद्दा असतो.

पण परिषदेतच अर्थतज्ज्ञ के. टी. शहा यांनी आक्षेप घेतला, की शाळेतला माल बाजारात आला तर तो कारागिरांच्याच पोटावर येईल. पुढे झाकीर हुसेन समितीनंही योजनेला पाठिंबा देताना इशारा दिला, की पैशाची बाजू वरचढ झाली तर शिक्षणाची बाजू मारली जाईल. ते पटण्यासारखं आहे. सूत विकायचंच असेल, तर शिक्षक मुलाला तेच करायला लावेल जे त्याला आधीच बऱ्यापैकी येतं. नवीन काही करून बघितलं तर सूत तुटतं, आणि तुटलेलं सूत कोणी घेत नाही.

आमच्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये हे छोट्या प्रमाणात दिसायचं. लोखंडाचा तुकडा कानशीनं घासून मापात बसवायचा, त्याला 'जॉब' म्हणायचे. मार्क मिळायचे तयार जॉबला. मग सिनिअर मुलांकडून जुना जॉब आणून जमा करणं हा सोपा मार्ग होताच. मापात बसलेला तुकडा जमा व्हायचा, पण हाताला कानस कळायची नाही. मार्क वस्तूला द्यायचे की ती करताना झालेल्या झटापटीला, यावर सगळं ठरतं.

मोहाडीच्या मागावर

आता भंडारा जिल्ह्यात या. मोहाडी, आंधळगाव या भागात टसर रेशीम विणतात. इथल्या साडीच्या काठावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असते, म्हणून ती करवत काटी. तिला भौगोलिक मानांकनही आहे. अंग एका रंगाचं, दोन्ही काठ वेगळ्या रंगाचे, म्हणून धोटे तीन. दर ओळीला काठाचा आणि अंगाचा धागा एकमेकांत अडकवत जायचं. धागा अडकायचा राहिला की दाता मोडतो.

इथे बिघडवायची मुभा कोणाला आहे? मजुरी नगावर असते तिथे बिघडलेला नग म्हणजे बुडालेले दिवस. विणकराच्या घरातलं पोरही शिकतं, पण कडेकडेनं. आधी कांड्या भरायच्या, मग तुटलेलं जोडायचं, मागावर बसणं फार नंतर. जिथे चूक स्वस्त असते तिथूनच शिकायला सुरुवात, ही व्यवस्था शहाणपणाचीच आहे. पण त्यामुळे एक दार बंद राहतं. चालत आलेलं नीट करायला ते पोर शिकतं, पण आजवर कोणी न केलेलं करून बघायला त्याच्याकडे ना रेशीम असतं ना आठवडा. मग आपण लांबून म्हणतो, कारागीर नवीन काही करत नाहीत.

भंडाऱ्याची दुसरी ओळख पितळी भांड्यांची. भारतात डिझाइनची संस्था कशी असावी, यावर चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन जोडप्यानं १९५८ साली सरकारला अहवाल दिला, त्यात त्यांनी सर्वाधिक कौतुक केलं ते साध्या लोट्याचं. तो हातात कसा बसतो, कमरेवर कसा, भरलेला आणि रिकामा असताना तोल कसा राहतो, धार कशी पडते. त्यांचं म्हणणं होतं, की असा लोटा कोणा एकानं डिझाइन केलेला असूच शकत नाही, तो पिढ्यान्‌पिढ्या घडत आला. या अहवालाच्या पाठोपाठ १९६१ साली एनआयडी उभी राहिली.

मी त्यात एकच जोडीन. त्या पिढ्यांमध्ये धार नीट न पडणारे, तोल जाणारे लोटेही झाले असणारच. पितळ बरं, मोडीत घालून पुन्हा वितळवता येतं. पण त्यावर गेलेला कोळसा आणि दिवस परत येत नाही. ते नुकसान कोणा ना कोणा कारागिरानं स्वतःच्या खिशातून सोसलं. आज पहिल्या वर्षाचा विद्यार्थी लोट्याचं स्केच काढतो, तेव्हा त्या खर्चावरच तो बसलेला असतो.

बिल कोणाचं?

सॉफ्टवेअरमध्ये तर बिघडवणं जवळजवळ फुकट आहे. कंट्रोल-झेड आहे, वेगळी ब्रांच आहे. शिवाय नव्या मुलांना कंपन्या काही महिने पगार देऊन नुसतं शिकवतात. ते आमचं फाउंडेशनच, आणि त्याला कोणी बालवाडी म्हणत नाही.

घरातही हीच विभागणी दिसते. पोळ्या लाटताना आई लहान पोरीला कणकेचा छोटा गोळा देते. पोळीचा नकाशा होतो, तरी ती भाजून कौतुकानं वाढली जाते. दहा वर्षांनी त्याच पोरीची तशीच वाकडी पोळी टोमण्याचा विषय होते. मुलाची मात्र विशीतली पहिली पोळी इन्स्टावर जाते. हात दोघांचे सारखेच वाकडे, मुभा वेगळी.

कोणी म्हणेल, आता एआयला सांगितलं की हवं तसं चित्र येतं, मग हातानं पट्ट्या कशाला रंगवायच्या? एआयच्या चित्रात काहीतरी खटकतं, तेव्हा नेमकं काय खटकतंय हे ओळखायला डोळा लागतो. करडा रंग चुकीचा मिसळून चार वेळा कागद फाडलेल्याला तो डोळा येतो. मुभेची गरज उलट वाढली आहे.

म्हणून फाउंडेशनला चैन म्हणून बंद करा, असं मी म्हणणार नाही. चैन असेल तर ती वाटली पाहिजे. कॉलेजच्या पोरांना वर्षभर रद्दी करायला मिळते, तसे विणकराच्या, पितळ घडवणाऱ्याच्या पोराला निदान दोन महिने मिळावेत. साहित्य दिलेलं, मजुरी चालू, आणि शेवटी विकण्याजोगं काही दाखवायची अट नाही. मानांकनाच्या प्रमाणपत्रापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

आणि तुम्ही स्वतः पहिल्या वर्षाला असाल, तर दोन गोष्टी. तयार मॉडेल विकत आणू नका. फी बिघडवण्यासाठीच भरली आहे, ती वसूल करा. आणि क्राफ्टच्या अभ्यासासाठी कोणाच्या मागावर बसायची वेळ आली, तर धोटा हातात घेण्याआधी त्या घरची दिवसाची मजुरी विचारा. तुम्ही शिकत असताना तो माग थांबलेला असतो, आणि तुमच्या हातून तुटलेला धागा त्यांना पुन्हा जोडायचा असतो. तो खर्च कॉलेजनं फीमध्ये धरलेला असायला हवा. नसेल धरला, तर तो मागण्याचं कामही याच वर्षी शिकता येईल.