शोकात देहाची निगा

घरातले माणूस गेले म्हणजे मागे राहिलेल्यांची भूक जाते, झोप उडते, बोलणे खुंटते. वाड्यात हे होते आणि झोपडीतही होते. अशा वेळी वारकऱ्याच्या मनात दोन प्रश्न उभे राहतात. एक असा की, पोटचे पोर किंवा जन्माचा जोडीदार गेला असता आपण जेवावे, निजावे, औषधाची गोळी घ्यावी, हे प्रेमाला शोभते काय? दुसरा असा की, ज्याने गळ्यात तुळशीची माळ घातली आणि पंढरीची वाट धरली, त्याने रडावे काय? हे प्रश्न कोणी उघड विचारतो, कोणी मनातच कुढत बसतो. यास्तव या खेपेस त्यांचाच विचार करू.

दुसरा प्रश्न आधी घेऊ, कारण तो सोडविला म्हणजे पहिला सोपा होतो. समाचाराला येणारी काही मंडळी मोठ्या ज्ञानाच्या गोष्टी सांगतात. "आत्मा अमर आहे, देह नाशिवंत आहे, तू माळकरी, तू रडतोस काय?" बोलणे खोटे नाही, पण वेळ चुकीची आहे. तापाने फणफणलेल्या माणसाला व्यायामाचे महत्त्व सांगण्यासारखेच ते. शिवाय आपल्या संतांनी काय केले तेही पाहिले पाहिजे. शके १२१८ च्या कार्तिक वद्य त्रयोदशीला, म्हणजे इ.स. १२९६ मध्ये, ज्ञानोबारायांनी आळंदीस समाधी घेतली. त्या प्रसंगाचे वर्णन नामदेवरायांनी आपल्या अभंगांत केले आहे. तेथे कोण रडले? निवृत्तिनाथ रडले. अहो, जे ज्ञानोबांचे गुरू, ज्यांच्या कृपेने गीतेचा अर्थ मराठीत उतरला, त्यांच्या डोळ्यांना धार लागली. सोपानदेव आणि मुक्ताबाई रडल्या. स्वतः नामदेवराय तर विठ्ठलाच्या सर्वांत जवळचे. त्यांचाही कंठ दाटला. आत्मा अमर आहे हे या मंडळींना ठाऊक नव्हते, असे म्हणण्याची कोणाची छाती आहे? ज्ञान होते, निष्ठा होती, तरी डोळ्यांत पाणी आले. तेव्हा रडणे म्हणजे निष्ठेत उणेपणा, ही समजूत संप्रदायाची नव्हे. ती आपली आपणच कोठून तरी उचललेली आहे.

आता पहिला प्रश्न. लेक गेल्यावर आई म्हणते, "माझ्या लेकराच्या तोंडात आता अन्न पडायचं नाही, मग मी कशी जेवू?" या बोलण्यात प्रेम आहे, आणि ज्याला ते ऐकून गलबलत नाही त्याने उपदेश करूच नये. परंतु त्या माउलीला आम्ही हात जोडून विचारू की, ज्या देहाने त्या लेकराला नऊ महिने वाहिले, पाजले, रात्र रात्र मांडीवर घेतले, तो देह काय फक्त तुझा आहे? त्या लेकराने जगात सर्वांत आधी ओळखली असेल ती तुझी कूस. तिची हेळसांड करणे ही त्याची आठवण ठेवणे होईल काय?

भगवंतांनी गीतेच्या सहाव्या अध्यायात स्पष्टच सांगितले आहे की, फार खाणाऱ्याला योग साधत नाही, तसा अगदीच न खाणाऱ्यालाही साधत नाही. फार झोपणाऱ्याला नाही आणि सदा जागणाऱ्यालाही नाही. खाणे, हिंडणे, काम, झोप आणि जागरण ज्याचे बेतात आहे, त्याचा योग दुःख हरण करणारा होतो. हा उपदेश कोणाला केला? नातेवाइकांच्या मरणाच्या कल्पनेने ज्याचे हातपाय गळाले, तोंडाला कोरड पडली, अंग कापू लागले, त्या अर्जुनाला. तेव्हा शोकाची गोष्ट आणि आहाराची गोष्ट एकाच ग्रंथात, एकाच शिष्याला सांगितलेली आहे. माउलींनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० साली, नेवाशास ज्ञानेश्वरी सिद्ध केली. तीत या ठिकाणी आहार, निद्रा आणि बोलणेसुद्धा मापात ठेवण्याचा अर्थ उलगडून दाखविला आहे.

आपल्या पखवाजाकडे पाहा. कीर्तनाआधी त्याच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावतात. ती वाळली की आवाज बसतो, मग वादक पुन्हा पाण्याचा हात लावतो. वादी सैल झाली तर ओढतो, फार ताणली तर पान फाटेल म्हणून सांभाळतो. एवढी निगा करणाऱ्याला कोणी म्हणत नाही की, बुवा, तुम्ही चामड्यात गुंतलात, भजनाकडे लक्ष द्या. भजनासाठीच ती निगा आहे. देहाचेही तसेच. वेळेवर दोन घास, अंघोळ, तासभर तरी गाढ झोप, थोडे चालणे, ही त्या वाद्याची ओली कणीक आहे.

शोकाने देहाला काय होते, हे आजच्या वैद्यकानेही तपासले आहे. जवळचे माणूस गेल्यावर पहिल्या काही दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका वाढतो, असे अभ्यासांत दिसून आले आहे. झोप मोडते, रक्तदाब वर जातो, रोजची औषधे घ्यायची राहून जातात. "काळीज फाटलं" असे आपल्या बायका म्हणत आल्या, तो नुसता बोलण्याचा प्रकार नव्हे. १९९० साली जपानी डॉक्टरांनी असा एक विकार नोंदविला की, मोठ्या धक्क्याने हृदयाचा खालचा भाग एकाएकी फुगून दुबळा होतो आणि छातीत झटक्यासारखीच कळ येते. उतारवयातील स्त्रियांत तो अधिक आढळतो. वेळेवर उपचार झाले तर बहुतेक रोगी काही आठवड्यांत बरे होतात. म्हणून शोकघरातल्या म्हाताऱ्या आजीच्या छातीत दुखू लागले, तर "दुःखाने होतंय, निघून जाईल" असे म्हणून बसू नये. गाडी बोलवावी आणि दवाखाना गाठावा.

आता कोणी म्हणेल, "हे सगळे संसारी लोकांचे झाले. तुकोबारायांनी दुःखात काय केले? ते डोंगरावर जाऊन बसले. त्यांना कोठे खाण्यापिण्याची शुद्ध होती?" बरे, तुकोबांचेच चरित्र पाहू. इ.स. १६३० च्या सुमारास दख्खनवर मोठा दुष्काळ पडला. त्यात महाराजांची थोरली पत्नी अन्न अन्न करीत गेली, मुलगा गेला, धंदा बुडाला, चारचौघांत मान खाली घालावी लागली. हे सारे त्यांनी आपल्या अभंगांतून स्वतःच सांगून ठेवले आहे, झाकलेले नाही. यापुढे ते काय सांगतात, तिकडे मात्र आपले लक्ष जात नाही. देहूतले पूर्वजांचे विठोबाचे देऊळ मोडकळीस आले होते, ते त्यांनी नीट करायला घेतले. आरंभी अभ्यासात चित्त लागत नव्हते, तेव्हा संतांची काही वचने पाठ केली. आणि दुसरे गात असत, त्यांच्या मागे उभे राहून ध्रुपद धरले.

वाचकहो, येथे क्षणभर थांबा. ज्याचे घर दुष्काळाने रिकामे केले, तो माणूस कशाने सावरला? आधी त्याने माती, दगड, चुना हातात घेतला. अंगाला घाम आला. मग स्वतःचे शब्द सुचत नव्हते तेव्हा थोरांचे शब्द तोंडात घोळविले. आणि एकट्याने गाण्याचे बळ नव्हते तेव्हा चौघांच्या सुरात सूर मिळविला. यात देह आहे, मन आहे आणि संगतही आहे. त्यांची स्वतःची अभंगवाणी पुढे जगाने डोक्यावर घेतली, पण पाया या तीन साध्या गोष्टींनी घातला गेला. आणि डोंगराचे म्हणाल, तर भंडाऱ्यावर भाकरी घेऊन कोण जात होते? जिजाई. पायात काटा रुतला आणि पांडुरंगाने तो काढला, ही आख्यायिका आपण कीर्तनात भक्तिभावाने ऐकतो. मग तिच्या डोक्यावरच्या भाकरीच्या टोपल्याकडे दुर्लक्ष का करतो? तुकोबांचे वैराग्य खरे, आणि त्यांना उपाशी न ठेवणारी जिजाईची पायपीटही तितकीच खरी. तिचा काटा काढायला देव वाकला, यातच तिच्या त्या कामाची योग्यता दिसते.

यावरून शेजाऱ्यांचा आणि दिंडीचा धर्म निघतो. शोकघरात चूल पेटत नाही, शेजारी भाकरी-पिठले आणून देतात, "दोन घास खा" म्हणून समोर बसतात, ही आपली जुनी रीत फार शहाणपणाची आहे. दुःखात माणसाला स्वतः रांधून खाण्याची इच्छा होणार नाही, हे ओळखून गावाने ते ओझे आपल्यावर घेतले. दहाव्याला नदीकाठी प्रवचन होते, तेराव्यापर्यंत घर भरलेले असते. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. चौदाव्या दिवशी पाहुणे जातात, भांडी परत जातात, आणि संध्याकाळी दिवा लावल्यावर घर खायला उठते. आमचे सांगणे असे की, भावकीने आणि दिंडीकऱ्यांनी विसाव्या दिवशी जावे, दुसऱ्या महिन्यात जावे, पहिल्या सणाला जावे. जाताना उपदेश नेऊ नये, भाकरी न्यावी. गेलेल्याचे नाव घ्यावे, त्याच्या दोन गोष्टी निघू द्याव्यात. मग हरिपाठ म्हणावा. नामाला सुतक नाही.

माउलींच्या पालखी सोहळ्यातील समाज आरती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना आमचे म्हणणे लगेच पटेल. मुक्कामी सर्व दिंड्या जमतात, टाळांचा गजर चालू असतो. चोपदार दंड उंचावतात आणि एवढा अफाट जनसमुदाय गप्प होतो. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती टाळ थांबवीत नाही. मग चोपदार तिच्याकडे जातात, काय झाले ते विचारतात, निवाडा होतो आणि त्यानंतरच आरती. लाखोंची आरती एका दिंडीच्या गाऱ्हाण्यासाठी थांबते! समाजात दुःखी माणसाचेही असेच असते. सगळे शांत झाले, कामाला लागले, तरी त्याचा टाळ आत वाजतच असतो. त्याला "आता पुरे" म्हणून दटावू नये. त्याच्याजवळ जाऊन विचारावे, ऐकून घ्यावे.

हे ऐकून घेणे राहिले तर काय होते, ते महामारीच्या काळाने दाखविले. २०२० आणि २०२१ साली पायी वारी निघाली नाही, पादुका बसने पंढरीस गेल्या. त्या काळात कित्येकांना आपल्या माणसाला खांदा देता आला नाही, शेवटचे तोंड पाहता आले नाही. समाचाराला कोणी येऊ शकले नाही, दहाव्याला माणसे जमली नाहीत. २०२२ मध्ये पायी वारी पुन्हा सुरू झाली. पण त्या घरांपैकी कित्येकांचे दुःख तसेच गोठून राहिले आहे. आपल्या दिंडीत असे कोणी असेल, तर इतकी वर्षे झाली म्हणून संकोच करू नये. आजही जाऊन विचारता येते.

आता आचरणाच्या चार गोष्टी सांगून पुरे करतो. पहिली, एकादशी. व्रत सोडा असे आम्ही म्हणणार नाही. परंतु मधुमेहाची गोळी किंवा सुई चालू आहे, त्यात शोकाने अन्न कमी झाले आहे, अशाने निर्जळी उपास धरणे जिवाशी खेळ आहे. डॉक्टरांना विचारावे आणि सांगतील ते खावे. एकादशीचा प्राण नामात आहे. दुसरी, चालणे. आपला संप्रदायच चालणाऱ्यांचा. घराबाहेर पडवत नसेल तर देवळापर्यंत जावे, तुळशीला पाणी घालावे; एवढ्यानेही अंगाला जाग येते. तिसरी, दारू. दुःखाच्या निमित्ताने माळ खुंटीला अडकवून बाटली धरणारे घरोघर दिसतात. तिने झोप लागल्यासारखी वाटते, पण मोडकी लागते, आणि सकाळी दुःख असते तेथेच असते.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. महिने लोटले तरी जेवण नाही, झोप नाही, कशातच जीव नाही, किंवा "मला आता जगायचं नाही" असे कोणी बोलू लागला, तर ते वैराग्य समजू नये. समाधी ही ज्ञानेश्वरांसारख्या योग्याची गोष्ट, आणि दुःखाने जीव नकोसा होणे ही आजाराची गोष्ट. दोहोंची गल्लत केल्याने घरे उजाड होतात. अशाला एकटे सोडू नये, त्याच दिवशी मनाच्या डॉक्टरकडे न्यावे. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारने १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनीची सोय केली आहे, तेथे बोलता येते. हाड मोडले तर हाडाच्या डॉक्टरकडे जाताना आपण लाजत नाही. मन मोडले असता लाजण्याचे कारण काय?

मायबाप, गेलेले माणूस परत येत नाही, आणि हा लेख वाचून कोणाचे दुःख नाहीसे होईल असेही नाही. ते राहीलच, प्रेम होते म्हणून राहील. पण ते वाहायला खांदे धड पाहिजेत. रडू येईल तेव्हा रडावे, भाकरी पुढे येईल तेव्हा खावी, कोणी हात धरून उठवील तेव्हा उठावे. आणि आपल्या गावात आज ज्या घरी चूल पेटली नसेल, तेथे आपल्या ताटातली अर्धी घेऊन जावे. देव भाकरी नेणारीचा काटा काढतो, हे विसरू नये.

रामकृष्णहरी.