दर्शन छान झालं, पण कितीला?

२०२५ च्या महाकुंभात प्रयागराजला अरैलच्या बाजूला पारदर्शक घुमटांची एक वसाहत उभी राहिली होती. जमिनीपासून पंधराएक फूट उंचावर बसवलेले घुमट, आत पलंग, स्नानगृह, सगळी हॉटेलातली व्यवस्था, आणि पडदे सरकवले की झोपल्या जागेवरून कुंभनगरी दिसायची. वर्तमानपत्रांत छापून आलेला दर होता रात्रीचे ८१ हजार रुपये. पर्वणीच्या दिवशी तोच १ लाख १० हजार.

याच मेळ्यात कल्पवासीही होते. पौष पौर्णिमेपासून माघी पौर्णिमेपर्यंत नदीकाठी राहायचं, वाळूवर पेंढा पसरून त्यावर झोपायचं, दिवसातून एकदा जेवायचं, थंडीत कुडकुडत स्नानं करायची. तंबूच्या दारात तुळस लावलेली असते, शेजारी जव पेरलेले असतात. महिना भरत आला की त्या जवांची हिरवी पाती चांगली वीतभर होतात. नदी तीच, मुहूर्त तोच. घरी परतल्यावर शेजाऱ्यांनी विचारलं तर दोघांचं उत्तरही बहुधा तेच येणार: स्नान फार छान झालं हो.

या सारख्याच उत्तरात एक धर्मप्रश्न दडलेला आहे.

मराठी माणूस एरवी किमतीच्या बाबतीत लाजरा नाही. मेथीची जुडी कितीला, साडी कितीला, फ्लॅट काय भावानं, जावयाला पगार किती, हे प्रश्न पहिल्या भेटीत होऊन जातात. यात्रेची गोष्ट निघाली की मात्र हाच माणूस मोघम होतो. ‘पॅकेज होतं’, ‘सगळं मुलानंच काढलं, आम्हाला काही माहीत नाही’, ‘तसं बरंच पडलं म्हणा’. आणि सगळ्यांत गोड उत्तर: ‘त्याचं बोलावणं आल्याशिवाय काही होत नाही.’ केदारनाथला हेलिकॉप्टरनं गेलेला माणूस सांगतो, काही त्रास झाला नाही, देवानंच सांभाळलं. तिरुपतीला जाऊन आलेली बाई सांगते, गर्दी अशी लागलीच नाही, अगदी समोरून दर्शन झालं. दोघंही खोटं बोलत नसतात. पण हेलिकॉप्टरचं भाडं आणि खास रांगेचं तिकीट गोष्टीतून गळालं, की पैशानं झालेली सोय कृपेच्या खात्यावर जमा होते. मग रात्रभर रांगेत ताटकळलेल्या बाईवर देवाची मर्जी जरा कमीच होती, असा अर्थ कुणी न काढताही निघतो.

तीर्थयात्रेच्या बाबतीत हे विशेष खटकायला हवं, कारण यात्रेचा पुरस्कार मुळात केला गेला तो ऐपत नसलेल्यांसाठी. महाभारताच्या वनपर्वात पुलस्त्य ऋषी भीष्मांना तीर्थांचं माहात्म्य सांगतात. त्याआधीची त्यांची मांडणी सरळ व्यवहाराची आहे. यज्ञाला साहित्य लागतं, माणसं लागतात, पैसा लागतो; ते राजेरजवाड्यांचं किंवा धनिकांचं काम. गरिबालाही जमेल आणि फळात यज्ञाहून उणं पडणार नाही, असं काय आहे? तर तीर्थाला जाणं. म्हणजे यात्रेच्या पुण्यात खर्चाचा मुद्दा पहिल्यापासून आहे, आणि तो खर्च कमी असण्याच्या बाजूनं आहे.

मत्स्यपुराण पुढे जाऊन थेट प्रयागबद्दलच बोलतं. ऐश्वर्यापायी किंवा मोहापायी जो वाहनात बसून तिथे जातो, त्याची यात्रा निष्फळ होते, म्हणून वाहन वर्ज्य करावं, असं त्यात सांगितलं आहे. भारतरत्न पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात तीर्थयात्रेचं मोठं प्रकरण आहे, त्यात या चर्चा वाचायला मिळतात. पायी जावं की वाहनानं, वाहनानं पुण्य घटतं का, ज्याला चालवत नाही त्याचं काय, यावर जुन्या पंडितांनी बराच खल केला आहे. विमानाचं भाडं आणि घुमटाचा दर त्यांच्या स्वप्नातही नव्हता, तरी नियमाचा रोख त्यांनी नेमका ओळखला होता. आक्षेप आरामावर नाही. गुडघे गेलेल्या आजीनं खुर्चीवरून दर्शन घेतलं तर कोणतंही शास्त्र तिला अडवत नाही. आक्षेप आहे तो ऐश्वर्य मिरवण्यावर.

आणि मिरवायला आज फोटो पुरतो, आकडा लागत नाही. उलट आकडा झाकला की मिरवणं जास्त रंगतं. खिडकीतून दिसणारी नदी, पहाटेचा चहा, खांद्यावरची शाल, खाली ‘धन्य झालो’. बघणाऱ्यानं किंमत मनातल्या मनात करायची, आणि ती नेहमी खऱ्या किमतीहून चढीच होते. या फोटोशेजारी ‘रात्रीचे ८१ हजार’ असं लिहिलं तर चित्राची कळा जाते. बघणारा लगेच त्याला पगारानं भागतो, दोन रात्रींचं गणित करतो, आणि कृपेची गोष्ट एकदम खरेदीची होते. सांगणाऱ्याला नेमकं तेच नको असतं.

देवस्थानं या बाबतीत भक्तांपेक्षा सरळ निघाली, हे गमतीचं आहे. त्र्यंबकेश्वरला झटपट दर्शनासाठी २०० रुपये देणगी, हे उघड आहे. तिरुपतीला ३०० रुपयांचं विशेष प्रवेश दर्शन आहे. तिथल्याच श्रीवाणी न्यासाला १० हजारांची देणगी दिली तर वर ५०० रुपयांचं तिकीट काढून त्याहून जवळून दर्शन मिळतं. हे योग्य की अयोग्य, यावर भांडता येतं, कारण दर फलकावर आहे. २०२५ च्या जानेवारीअखेर अशा व्हीआयपी दर्शनाविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे आली होती. असा वेगळा मान असू नये असं आपलं मत असल्याचं न्यायालयानं बोलून दाखवलं, पण आदेश द्यायला नकार दिला. निदान त्या वादाला पकडायला आकडा होता. भक्ताच्या तोंडच्या ‘छान झालं’ला पकडणार कशात?

इस्लामनं हा धागा आणखी ताणून धरला आहे. हज सगळ्यांवर फर्ज नाही. ज्याची ऐपत आहे त्याच्यावरच आहे. ऐपतीत प्रवासखर्च येतो, तशी मागं राहणाऱ्या कुटुंबाच्या पोटापाण्याची तरतूदही येते. पैसा हलाल कमाईचा हवा. म्हणजे निघण्यापूर्वीच स्वतःशी रोकड हिशेब. इहरामची दोन बिनशिवलेली पांढरी वस्त्रं अंगावर आली की शेठ कोण आणि हमाल कोण ते कळू नये, हा त्यामागचा भाव. आणि आज त्याच मक्केत, मशिदीला खेटून उभ्या असलेल्या ६०१ मीटर उंचीच्या घड्याळाच्या मनोऱ्याच्या संकुलात, ज्या खोलीच्या खिडकीतून काबा दिसतो तिचं भाडं वेगळं आणि ज्या खोलीतून दिसत नाही तिचं वेगळं. वस्त्रानं मिटवलेला फरक खिडकीनं परत आणला. लोकांनी बघावं म्हणून केलेल्या इबादतीला, म्हणजे रियेला, त्या परंपरेत छोटा शिर्क म्हणतात. इतकी ती गोष्ट गंभीर मानली आहे.

मालीचा बादशहा मन्सा मुसा १३२४ मध्ये हजला निघाला. वाटेत कैरोत त्यानं इतकं सोनं वाटलं की तिथला सोन्याचा भाव कोसळला. बारा वर्षांनंतरही तो पुरता सावरला नव्हता, असं अरब इतिहासकार अल्-उमरीनं नोंदवून ठेवलं आहे. परतीच्या वाटेवर बादशहालाच सावकारांकडून उसनं घ्यावं लागलं. इथे खर्च लपवण्याचा प्रश्नच नव्हता. अख्ख्या बाजारानं तो भोगला.

तेव्हा आकडा सांगितला की माणूस मिरवण्यातून सुटला, असं नाही. अथेन्सचा सेनापती निकियास डेलोस बेटावर अपोलोच्या उत्सवाला गेला, तेव्हा त्यानं सोन्याची नक्षी आणि गालिचे लावलेला पूल आधीच तयार करून आणला होता. रातोरात तो शेजारच्या बेटापासून डेलोसपर्यंत टाकला आणि पहाटे त्यावरून गात-वाजवत मिरवणूक नेली. देवाला वाहिलेल्या जमिनीची किंमतही त्याचा चरित्रकार प्लुटार्क देतो, १० हजार द्राख्मा. त्या जमिनीच्या उत्पन्नातून देवकार्य व्हावं आणि लोकांनी निकियाससाठी प्रार्थना करावी, ही अट दगडावर कोरून ठेवली होती. आपल्या देवळांतल्या संगमरवरी फलकांवर ‘यांचे स्मरणार्थ रु. ५,००१’ वाचणाऱ्याला हा ग्रीक माणूस परका वाटणार नाही. अ‍ॅरिस्टॉटलनं मात्र अशा खर्चात भेद केला. देवकार्यावर आणि नगराच्या कामावर शोभेलसा मोठा खर्च करणं हा त्याच्या लेखी सद्गुण. आपण किती श्रीमंत आहोत हे दिसावं म्हणून नको तिथे उधळणं हा गावंढळपणा. ‘काय सांगू, कुंभाला गेलो आणि खिसा पार रिकामा झाला’ अशा तक्रारीच्या सुरात केलेली बढाई त्याला सहज ओळखू आली असती.

मग फरक करायचा कसा? आकड्याचा ऐकणाऱ्याला उपयोग आहे का, एवढं पाहावं. ‘दोन रात्रींचे इतके गेले, विमानाचे इतके, आणि स्नानाला तरी अमुक अंतर चालावंच लागलं’ हे ऐकून समोरचा ठरवू शकतो, की आपल्याला हे झेपेल की धर्मशाळेत उतरावं. ‘पैशाकडे पाहिलंच नाही’ हे ऐकून त्याला काहीही ठरवता येत नाही. फक्त खाली बघता येतं.

सम्राट हर्षाची गोष्ट याच प्रयागची. दर पाच वर्षांनी तो संगमावर महादानाचा मेळा भरवी. ६४३ मधला मेळा चिनी यात्रेकरू ह्युएन त्संगनं डोळ्यांनी पाहिला. अडीच महिने दान चाललं. खजिना संपला, अंगावरचे दागिने आणि वस्त्रं गेली, आणि शेवटी राजानं बहीण राज्यश्रीकडून एक वापरलेलं साधं वस्त्र मागून घेतलं. यातही थाट होता, नाही असं नाही. पण जे गेलं ते चारचौघांसमोर गेलं आणि दुसऱ्यांच्या हाती गेलं.

साधेपणाच्याही खर्चाचा हिशेब लागतो, हे साधेपणाची बाजू घेणारे सहसा सांगत नाहीत. गांधीजींनी ते सांगितलं. १९१५ च्या हरिद्वार कुंभाला जाण्यापूर्वी ते कलकत्त्यात भूपेंद्रनाथ बसूंकडे पाहुणे होते. गांधीजी फळं आणि सुकामेवा खातात, म्हणून यजमानांनी बाजारात मिळतील तेवढी फळं मागवली. घरातल्या बायका रात्रभर जागून सुकामेवा सोलत बसल्या. आपल्या साध्या आहाराची किंमत कुणाच्या झोपेतून वसूल होते, हे त्यांना डाचलं. दिवसाकाठी पाचच पदार्थ खायचे आणि अंधार पडल्यावर जेवायचं नाही, हे व्रत त्यांनी हरिद्वारला घेतलं, आणि कारणासकट आत्मचरित्रात लिहून ठेवलं.

मराठीत तर पैशाचं कारण पहिल्याच पानांत सांगणारा यात्रावृत्तांत आहेच. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले ते घरावर कर्ज होतं म्हणून, दक्षिणा मिळवायला. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, अशी वार्ता होती. वाटेत बंड पेटलं, मिळवलेलं लुटलं गेलं, आणि खांद्यावर गंगेची कावड घेऊन गोडसे भटजी घरी परतले. त्या पाण्यानं त्यांनी आईवडिलांना स्नान घातलं. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये ‘माझा प्रवास’ छापला, तेव्हापासून कुणाला त्यातली दक्षिणेची ओढ वाचून भक्ती उणी वाटल्याचं ऐकिवात नाही. आषाढी वारीतही दिंडीत जेवणाखाणाची भिशी भरावी लागते आणि ती किती, हे दिंडीतल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. चहा पिता पिता चर्चा होते, अमक्या दिंडीची भिशी जास्त, पण भाकरी गरम मिळते.

खर्च झाकला की त्यामागची माणसंही झाकली जातात. गौरीकुंडाहून केदारनाथचा चढ सोळाएक किलोमीटरचा, आणि मंदिर साडेतीन हजार मीटरहून उंच. ज्यांना चालवत नाही त्यांना चौघे जण डोलीत बसवून नेतात. दांडा खांद्यावर, पायात बहुधा रबरी बूट, वळणावर एकमेकांना दिलेली हाक, आणि दर थोड्या वेळानं खांदा बदलणं. वर पोचल्यावर डोलीतला माणूस उतरतो, कपाळाला गंध लावतो, मंदिरासमोर उभा राहतो, फोटो निघतो. त्यात ते चौघे नसतात. त्यांच्या मजुरीचा आकडा उच्चारला गेला असता, तर निदान चार माणसं होती एवढं तरी ऐकणाऱ्याला कळलं असतं.

आता पाळी नाशिकची. २०२६ च्या ऑक्टोबरअखेर त्र्यंबकेश्वरला सिंहस्थाचं ध्वजारोहण ठरलं आहे आणि २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात मुख्य स्नानं. प्रयागचा अनुभव पाहता गोदाकाठीही आलिशान तंबू उभे राहतील, पर्वणीचे दर वेगळे असतील, आणि राहणारेही मिळतील. खुशाल राहावं. फक्त परत आल्यावर शेजारच्या काकूंनी ‘कसं झालं स्नान?’ म्हणून विचारलं, तर रात्रीचे किती मोजले तेही सांगावं. त्यांनाही जायचं असेल.